लग्न दोन महिन्यांवर आलंय आणि मुलगा म्हणतो, आई, गोंदण काढून टाक

पत्र :

ताई, नमस्कार. तुमचं सदर मी नेहमी वाचते, लिहायची ही पहिलीच वेळ. माझं वय ५६. माहेर खटाव तालुक्यातलं, लग्न झाल्यापासून सांगलीत आहे. मिस्टर नोकरीतून निवृत्त झालेत. एकुलता एक मुलगा पुण्यात आयटीत आहे. त्याचं लग्न ठरलंय. सूनही तिथंच नोकरीला आहे, माहेर पुण्याचंच.

माझ्या हनुवटीवर तीन ठिपके आहेत आणि दोन भुवयांच्या मध्ये चांदणी. मी ९ वर्षांची असताना आजीनं दारात आलेल्या गोंदणारणीकडून ते करून घेतलं. दोन्ही काकूंनी मला धरून ठेवलं होतं, एवढं आठवतं. डाव्या हातावर मनगटाच्या वर माझं नाव आहे. ते मात्र आठवीत असताना पुसेगावच्या यात्रेत मी साठवलेल्या पैशांतून स्वतः करून घेतलं. लग्नात नाव बदललं, त्यामुळं ते आता कुणी वापरत नाही. भाऊ होता तोवर तो त्या नावानं हाक मारायचा, तो करोनात गेला. सासूबाई म्हणायच्या, हातावर नवऱ्याचं नाव पाहिजे होतं.

मागच्या महिन्यात साखरपुड्यात मुलीची आत्या माझ्याकडं बघून म्हणाली, "अजून असतं का हो हे? आमच्याकडं कामाला येतात त्या मावशींच्या कपाळावर बघितलंय." सगळे हसले. त्यांच्या मनात वाईट नसेल. पण माझ्या मुलाचा चेहरा उतरला. रात्री तो म्हणाला, "आई, हल्ली लेसरनं जातं ते. पैसे मी देतो. लग्नाआधी करून घेऊ, फोटो पण चांगले येतील." मी हो म्हटलं. पण तेव्हापासून झोप नाही.

दुसरी गोष्ट. सुनेच्या मानेवर मागच्या बाजूला टॅटू आहे. आकडे आहेत, तारखेसारखे. साखरपुड्याला केस वर बांधले होते म्हणून दिसले. माझ्या नणंदेनं तेव्हापासून घर डोक्यावर घेतलंय. कुणाची तारीख आहे ते लग्नाआधी विचारा म्हणते. मुलाला बहुतेक माहीत आहे, तो काही बोलत नाही. तिचा टॅटू त्याला चालतो आणि माझं गोंदण का चालत नाही, असं मनात आलं आणि माझी मलाच लाज वाटली. मिस्टर म्हणतात, तुला वाटेल ते कर. मी काय करू? काढून टाकू का? आणि वन्संना काय सांगू?

— एक आई, सांगली

उत्तर :

ताई,

आधी लेसरचं बोलू, कारण त्याला तारीख आहे. दोन महिन्यांत तुमचं गोंदण जाणार नाही.

गोंदताना काजळी वरच्या सालीत थांबत नाही, सुई तिला खालच्या थरात नेऊन सोडते. वरची साल साधारण महिन्याभरात झडते आणि नवी येते, खालचा थर तसा झडत नाही. शिवाय बाहेरचं काही अंगात शिरलं की ते गिळायला धावणाऱ्या पेशी आपल्यात असतात. त्या ही काजळी गिळतात, पण पचवू शकत नाहीत, मग ती पोटात घेऊन तिथंच बसून राहतात. एक पेशी मेली की शेजारची तिची काजळी उचलून घेते. म्हणून तुमचे ४७ वर्षांपूर्वीचे ठिपके जागचे हललेले नाहीत. कडा थोड्या पसरल्या असतील आणि काळ्याचं हिरवट-निळं झालं असेल, एवढंच. लेसरचा झोत त्या कणांचा चुरा करतो आणि मग शरीर तो चुरा थोडा थोडा वाहून नेतं. त्याला वेळ लागतो. म्हणूनच दोन सिटिंगमध्ये सहा ते आठ आठवड्यांचं अंतर ठेवतात आणि अशी अनेक सिटिंग लागतात. काजळीचं गोंदण त्यातल्या त्यात लवकर निघतं. हिरवा-पिवळा रंग जास्त छळतो. तरी लग्नापर्यंत तुमचं एक सिटिंग होईल, फार तर दोन. म्हणजे मुलाच्या लग्नात तुम्ही अर्धवट पुसलेले ठिपके घेऊन उभ्या राहाल, आणि कदाचित त्यावर खपलीही असेल.

अजून एक. आपल्या कातडीचा जो सावळा रंग आहे, त्यालाही लेसर धरतो. नीट हाताळलं नाही तर गोंदण जातं आणि तिथं पांढुरका चट्टा राहतो, नाहीतर उलट काळा डाग पडतो. त्यामुळं कधी करायचं ठरलंच तर त्वचेच्या डॉक्टरकडंच जा, अशा कातडीवर लेसर केल्याचा अनुभव आहे का ते तोंडावर विचारा, आणि आधी एखाद्या ठिपक्यावर करून बघा म्हणा. मिरज शेजारी आहे, पुण्याला जायचीही गरज नाही. स्वस्तात करून देतो म्हणणाऱ्या पार्लरच्या नादी लागू नका. आणि कुणी चुना, अ‍ॅसिड किंवा बिब्बा सांगितला तर कानावर हात ठेवा. मी अशी हनुवटी जवळून बघितली आहे. गोंदण गेलं नव्हतंच, त्याच्याभोवती भाजल्याचा चकाकता पट्टा तेवढा कायमचा झाला होता.

तेव्हा आज मुलाला फोन करून सांगा की लग्नाआधी हे होत नाही. यात सबब काही नाही, खरंच होत नाही. तारीख डोक्यावरून उतरली की मग नीट विचार करता येईल.

आता तुमच्या पत्राकडं येते. मी ते तीनदा वाचलं. तुम्ही 'गोंदण काढू का' असं एकच विचारलंय, पण तुमच्या अंगावर दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. हनुवटीचे ठिपके आणि कपाळावरची चांदणी दुसऱ्यांनी दिलेली आहे. नऊ वर्षांच्या पोरीला दोघींनी धरलं होतं, तिला कुणी विचारलं नव्हतं. परंपरा आहे, संस्कृती आहे, म्हणून ते जन्मभर मिरवा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. ज्यांनी तो दाह सोसलेला नाही, त्यांनी त्याचं कौतुक तुमच्यावर लादू नये. ते ठिपके उद्या तुम्हाला नकोसे झाले तर काढा, त्यात आजीचा अपमान नाही.

पण हातावरचं नाव तुम्ही मागून घेतलंत. आठवीतली मुलगी यात्रेत पैसे घेऊन जाते. आजूबाजूला बांगड्या, भेळ, पाळणे, सेवागिरी महाराजांच्या रथावर नोटांच्या माळा चढतायत, आणि ती मुलगी सगळं सोडून स्वतःचं नाव हातावर काढून घेते. तिनं देवाचं नाव घातलं नाही, आईचं नाही, पुढं कधी येणाऱ्या नवऱ्यासाठी जागाही सोडली नाही. तुमच्या पत्रातलं हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचत होते.

मग लग्न झालं. तुमच्याही वेळी केलंच असेल, ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहिलं, पेढे वाटले. ताटातले तांदूळ नंतर डब्यात गेले आणि नाव रेशनकार्डावर गेलं. तुमचं पहिलं नाव दोनच ठिकाणी राहिलं, एक भावाच्या तोंडी आणि एक तुमच्या हातावर. त्यातलं एक करोनानं नेलं. ताई, तुम्हाला झोप का लागत नाही याचं कारण मला तरी इथंच दिसतं. मुलगा चेहऱ्याबद्दल बोलला असेल, पण 'गोंदण काढून टाक' हे शब्द कानावर पडल्यावर तुमचा हात आपसूक मनगटाकडं गेला असेल.

ते नाव मी इथं लिहीत नाही. तुम्ही पत्रात लिहिलेलंच नाही, हेही माझ्या लक्षात आलंय.

आता त्या आत्याबाई. मनात वाईट नसेल, हे तुमचं म्हणणं मी मानते. पण त्या काय बोलल्या ते नीट ऐकू. गोंदण वाईट दिसतं, असं त्या म्हणाल्या नाहीत. 'कामाला येणाऱ्या मावशींच्या कपाळावर बघितलंय' असं म्हणाल्या. त्यांनी तुमची चांदणी बघून तुम्हाला कुठं बसवायचं ते ठरवलं. आणि सगळे हसले, कारण सगळ्यांना ते कोष्टक पाठ आहे. हेच त्यांच्या भाचीच्या मानेवर असतं तेव्हा त्याला टॅटू म्हणतात, त्यासाठी अपॉइंटमेंट घेतात आणि काही हजार मोजतात. सुई तीच, कातडीचा थर तोच, बहुतेक वेळा काळा रंगही कार्बनचाच, काजळीच्याच जातीचा.

असं नेहमीच होत आलंय. आपला सांगलीचा आयर्विन पूल १९२९ साली खुला झाला, तेव्हा ज्याचं राज्य होतं त्या पंचम जॉर्जच्या हातावर गोंदण होतं. राजपुत्र असताना १८८१ मध्ये तो जपानला गेला होता, तिथं त्यानं ड्रॅगन गोंदवून घेतला. राजानं केलं म्हणून ती हौस. त्याच्या आधी बंगालमध्ये कंपनी सरकारनं १७९७ पासून जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदायची पद्धत घातली होती, ती थेट १८४९ मध्ये बंद झाली. आणि आपल्याकडं मुलगी गोंदणाशिवाय सासरी गेली तर तिला नावं ठेवायचे. मेल्यावर सोनंनाणं इथंच राहतं, बरोबर फक्त गोंदण येतं, असं माझी आजीही म्हणायची. आता त्याच गोंदणासाठी नावं ठेवतात.

गोंदणाऱ्या बायकांचंही तसंच. त्या भटक्या समाजातल्या. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं अशा कितीतरी जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा १९५२ साली गेला. माझी आई सांगायची, गोंदणारीण वाड्यात आली की तिला पोतं अंथरून बसवायचे, लेकी-सुनांचे हात तिच्या हातात द्यायचे, तिला सूपभर जोंधळे आणि जुनं लुगडं द्यायचे. आणि ती वेशीबाहेर गेली की भांडी मोजायचे. जिच्या हातून लेकीच्या अंगावर जन्माची खूण करून घ्यायची, तिच्यावर वाटीचाही विश्वास नाही.

या सदराकडं टॅटूबद्दल जी पत्रं येतात, त्यातली बरीच भरतीच्या पोरांची असतात. माण, खटाव, कोरेगाव, जत, गावोगावी पहाटे धावणारी पोरं. मित्राच्या नादानं दंडावर काहीतरी काढून घेतात आणि जाहिरात आली की धास्तावतात. त्यांना मी सांगते की तिथं नियम तरी छापलेला असतो. सैन्याला हाताच्या आतल्या बाजूचं, कोपरापासून मनगटापर्यंतचं, किंवा पंजाच्या मागच्या बाजूचं गोंदण चालतं, इतर ठिकाणचं चालत नाही. ज्या आदिवासी समाजांत चेहऱ्यावर-अंगावर गोंदायची रीतच आहे, त्यांना सूट आहे. निमलष्करी दलांत डावाच हात चालतो, कारण सलाम उजव्या हातानं करायचा, आणि आकार किती हेही लिहिलेलं असतं. नियम पटो न पटो, तो सगळ्यांना आधी वाचता येतो. साखरपुड्याच्या हॉलमधला नियम कुणी छापत नाही. तिथं चित्र कुठं आहे आणि केवढं आहे हे कुणी बघत नाही, चित्र कुणाच्या अंगावर आहे ते बघतात. तो नियम पाळायला तुम्ही बांधलेल्या नाही.

मुलाबद्दल मात्र मी त्याची बाजू घेणार आहे, कारण त्याच्या जागी मी उभी राहिलेली आहे.

माझ्या आईच्या हनुवटीवर एकच ठिपका होता आणि उजव्या हातावर तुळस, कुंडीसकट. आम्ही सांगलीत राहायला आलो तेव्हा मी सातवीत होते. शाळेत पालकांना बोलावलं होतं. माझ्या वर्गातल्या मुलींच्या आया वेगळ्या दिसायच्या. घरातून निघताना मी आईला म्हणाले, "तिथं पदर जरा वर धर." तिनं का म्हणून विचारलं नाही. शाळेत ती पदराचं टोक दातात धरून बसली. दीड तास. बाईंनी काही विचारलं तेव्हाही तिनं पदर न सोडता मान हलवली, आणि बाईंना वाटलं हिला बोलता येत नाही. मी शेजारी बसले होते आणि मला बरं वाटलं होतं, कारण ठिपका दिसत नव्हता.

पुढं ४० वर्षांनी आई मिरजेला दवाखान्यात होती. सलाईनसाठी शीर सापडत नव्हती. नर्स अगदी तरुण होती, कोल्हापूरकडची असावी. डावा हात टोचून टोचून निळा झाला होता, म्हणून तिनं उजवा घेतला. ट्यूबलाइटखाली वळवून बघितला, अंगठ्यानं तुळशीवरून चाचपलं आणि म्हणाली, "इथं शीर चांगली आहे, पण तुळस आहे, इथं नको टोचायला." आणि तिनं खाली पंजावर सुई लावली. आईनं डोळे उघडून तिच्याकडं बघितलं. मग मी आईला पहिल्यांदा विचारलं की ही तुळस कुणी काढली. आई त्या दुपारी बराच वेळ बोलत होती. तिची मोठी बहीण आणि ती, दोघींनी एका दिवशी एकाच पाटावर बसून एकसारखी तुळस काढून घेतली होती. बहीण बाळंतपणात गेली. तिचा फोटो कधी निघालाच नव्हता. मला एक मावशी होती, एवढंच मला माहीत होतं. तिची तुळस रोज माझ्यासमोर पोळ्या लाटत होती हे माहीत नव्हतं.

तुमचा मुलगा वाईट नाही. त्याला त्या हसण्यानं टोचलं, आणि टोचणारी गोष्ट काढून टाकावी एवढं साधं त्याला सुचलं. तुम्हाला कुणी हसू नये असंही त्याला वाटत असेल. त्याला रागावू नका. पण फोनवर फक्त 'डॉक्टर नाही म्हणाले' एवढं सांगून थांबू नका. तो सांगलीला येईल तेव्हा त्याला हात दाखवा. त्यानं हजारदा बघितला असेल, तरी दाखवा. यात्रेत किती पैसे लागले, कुणाबरोबर गेला होता, घरी आल्यावर कोण ओरडलं, मामा कशी हाक मारायचा, सगळं सांगा. मी ४० वर्षं विचारलं नाही. त्याला तेवढा वेळ लावू देऊ नका.

आणि ते सांगून झाल्यावर त्याला एक वाक्य सांगा, तुमच्या शब्दांत. "चेहऱ्यावरचं ठेवायचं की काढायचं ते मी लग्न झाल्यावर ठरवीन. हातावरचं राहणार." मी तुमच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. तुमचा निर्णय वेगळा असेल तर तो तुमचा. फक्त तो लग्नाच्या घाईत आणि त्या आत्याबाईंना नजरेसमोर ठेवून घेऊ नका. एखाद्या दुपारी घरात कुणी नसताना आरशासमोर उभ्या राहा. तेव्हाही ते ठिपके खुपत असतील तर काढा.

आता सुनेचा टॅटू. 'तिचा चालतो आणि माझं चालत नाही' असं मनात आलं म्हणून तुम्हाला लाज वाटली. त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे? तो अन्यायच आहे आणि तुम्हाला तो दिसला. पण त्यात तिचा वाटा नाही. ती हसली होती का? तुम्ही लिहिलंय 'सगळे हसले'. तिच्याकडं तुम्ही तेव्हा बघितलं होतं का, ते आठवून बघा.

वन्संना वाटतंय ती तारीख कुणा परक्याची असणार. तिचे आजोबा गेले ती तारीख असेल, ती एखाद्या मोठ्या आजारातून उठली तो दिवस असेल, तिला पहिली नोकरी लागली तो असेल. जुन्या प्रेमाची असली तरी तुमच्या मुलाला ते माहीत आहे आणि तो तिच्याशीच लग्न करतोय. आपल्याला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायचा हक्क आपल्याला नाही. तुम्हाला आठवतंय का, सासूबाईंनी तुमचा हात बघितला तेव्हा त्यांनाही एकच दिसलं होतं, की नवऱ्याचं नाव नाही. काय आहे ते त्यांनी वाचलंच नाही. आता तुम्ही त्यांच्या जागी बसणार आहात. मला वाटतं, तुम्ही मला पत्र लिहिलंत ते यासाठीच. तुम्हाला त्यांच्यासारखं बसायचं नाही.

वन्संशी वाद घालू नका, तो संपणार नाही. एकदाच, चहा देता देता, सगळ्यांसमोर म्हणा, "वन्सं, तिच्या मानेवर काय आहे ते मी विचारणार नाही. मला कुणी विचारलेलं मला आवडलं नसतं." पुन्हा विषय निघाला तर उठून कामाला लागा. आणि मिस्टरांना सांगा की 'तुला वाटेल ते कर' यानं भागणार नाही. बहीण त्यांची आहे, तिला आवरायचं काम त्यांनी करायचं.

सुनेला सांगलीला बोलवा. लग्नाआधी एकदा गणपतीच्या देवळात दोघी जा, मग नदीवर, घाटाच्या पायऱ्यांवर बसा. मुलाला बरोबर नेऊ नका. तिला तिच्या टॅटूचं विचारू नका. तुमचा हात तिच्या हातात द्या आणि म्हणा, "हे माझं नाव. लग्नाआधीचं." ती वाचेल. मोठ्यानं वाचेल कदाचित, आणि भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा कुणाच्या तरी तोंडून तुम्ही ते ऐकाल. तिला वाटलं तर ती स्वतःची तारीख सांगेल. नाही सांगितली तर भेळ खाऊन घरी या.

आणि तुमच्या घरात तिचं नाव बदलायचं ठरलंय का, तेही बघा. पत्रात तुम्ही त्याबद्दल काही लिहिलेलं नाही. नेहमीच्या रिवाजाप्रमाणं ताट आणि तांदूळ तयारीच्या यादीत असतीलच. तिला आधी विचारा. हे विचारणं तुमच्या हातात आहे, नणंदेच्याही नाही आणि मुलाच्याही नाही.

राहिला फोटोंचा प्रश्न. तुमच्या मुलाला त्याची काळजी आहे आणि ती रास्त आहे. लग्नाच्या दिवशी मेकअपवाली येईल. ती तुम्हाला खुर्चीत बसवलं की न विचारता हनुवटीवर क्रीम चोपडायला लागेल. तुम्हाला त्या एका दिवसापुरते ठिपके झाकायचे असतील तर झाकू द्या, रात्री तोंड धुतलं की ते पुन्हा तुमचे. झाकायचे नसतील तर तिचा ब्रश टेकायच्या आधीच सांगा, आणि फोटोग्राफरलाही अॅडव्हान्स देतानाच बजावून ठेवा. हल्ली ते अल्बम करताना चेहऱ्यावरचे डाग परस्पर पुसतात. त्याला म्हणावं, तीळ, वांग, सुरकुत्या काय पुसायचं ते पुस, हे तीन ठिपके आणि चांदणी राहू दे. आणि एक फोटो हाताचा काढायला सांगा, बांगड्या कोपराकडं सरकवून, नाव नीट दिसेल असा.